सेन्सर दिंडोरीत, मोबाईल नाशकात, मधे कोण?

दिंडोरी-निफाडकडे काही द्राक्षबागांत आता सेन्सर बसलेत, पान किती वेळ ओलं राहिलं, मातीत ओल किती वगैरे मोजायला, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर पान जास्त वेळ ओलं राहिलं की डावणी या बुरशीच्या रोगाची धास्ती. बागेतलं ते डबडं बॅटरीवर चालणारं, चिप एकदम साधी, सर्व्हर कुठल्यातरी डेटासेंटरमधे लिनक्सवर, आणि मालक नाशकात कॉलेज रोडला बसून अँड्रॉइडवर बघतोय. मशीन वेगळी, नेटवर्क वेगळं, आणि तिन्ही एकाच वेळी चालू असतील याची तर खात्रीच नाही. हा सगळा संसार सांभाळणारं मधलं सॉफ्टवेअर म्हणजे मिडलवेअर.

१९९१ मधे कोर्बा नावाचं असलंच एक मिडलवेअर आलं, त्यात दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन आपलंच असल्यासारखं बोलवायचं. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर ठीक आहे हो, पण शिवारात रेंज गेली की उत्तराची वाट बघत बसा!

एमक्यूटीटी म्हणजे मशीनांनी एकमेकांना छोटे मेसेज पाठवायची पद्धत, तिचा जन्मच असल्या ठिकाणासाठी झाला. १९९९ मधे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला ते बनवलं, सॅटेलाइटचा डेटा महाग म्हणून सगळ्यात छोटं हेडर, म्हणजे मेसेजच्या पुढे लागणारी चिठ्ठी, फक्त २ बाइटचं. सेन्सर आपला आकडा ब्रोकर नावाच्या प्रोग्रामकडे देतो आणि मोकळा होतो, प्रत्येक आकड्यावर टॉपिक, म्हणजे विषयाचं नाव असतं, ज्यानं तो टॉपिक मागून ठेवलाय त्याला ब्रोकर पोचवतो.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती खात्रीच्या ३ पायऱ्या. लेव्हल ० म्हणजे पाठवलं आणि सोडून दिलं, तापमानाला चालतं, एक आकडा हुकला तर थोड्या वेळात दुसरा येतोच. लेव्हल १ ला पोचपावती आली नाही तर मेसेज पुन्हा पाठवला जातो, पण मग तो दोनदाही पोचू शकतो. ‘पंप चालू कर’ दोनदा पोचलं तर काही बिघडत नाही, पण ‘अजून १० मिनिटं पाणी सोड’ दोनदा पोचलं की २० मिनिटं पाणी! तिथे लेव्हल २, नेमका एकदाच, पण त्यासाठी ४ पॅकेटची देवाणघेवाण, म्हणजे बॅटरी पण जास्त जाते.

शिवाय कनेक्ट होतानाच सेन्सर ब्रोकरकडे निरोप ठेवू शकतो, मी न सांगता गायब झालो तर एवढं कळव. नाहीतर ॲपवर सकाळचाच आकडा दिसत राहतो आणि आपण निवांत.

आता अडचण. मेसेजच्या आत काय आहे हे एमक्यूटीटी बघतच नाही, एक सेन्सर नुसतं २८ पाठवेल, दुसरा जेसन (नाव आणि आकडा जोडीनं लिहायचा फॉरमॅट), तिसरा चक्क फॅरनहाइट. त्यामुळे विकणारा ‘आमचं एमक्यूटीटीवर चालतं’ म्हणाला तरी टॉपिकची नावं, डेटाचा फॉरमॅट आणि युनिट लेखी मागून घ्या, पैसे देण्याआधी.