'डिस्को दीवाने': सिनेमा नसताना विकलेली रेकॉर्ड

आपल्याकडे इंडिपॉप, म्हणजे सिनेमाबाहेरचं हिंदी पॉप, म्हटलं की बहुतेकांना डायरेक्ट १९९५ आठवतं. अलिशा चिनॉय, 'मेड इन इंडिया', खोक्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण. पण हा सगळा प्रकार सुरू झाला त्याच्या १४ वर्षं आधी, आणि सुरू केला तो कराचीत जन्मलेल्या, लंडनमध्ये शाळेत जाणाऱ्या एका मुलीने. नाझिया हसन. तिचा 'डिस्को दीवाने' हा अल्बम १९८१ ला आला तेव्हा ती १६ वर्षांची होती. आज त्यातलं त्याच नावाचं गाणं लग्नाच्या संगीतात वाजतं, पण त्या अल्बमने नेमकं काय करून दाखवलं होतं ते फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

त्या काळात रेकॉर्डचा धंदा म्हणजे एचएमव्ही आणि एचएमव्हीचा धंदा म्हणजे सिनेमाची गाणी. पॉलिडोर वगैरे होते, नाही असं नाही, पण आधी पिक्चर, मग गाणं, मग रेकॉर्ड असाच क्रम. आता कोणी म्हणेल की गैरफिल्मी आपल्याकडे चालायचं की. बरोबर आहे. मराठी माणसाला तर हे सांगायलाच नको, गजानन वाटवेंपासून आपली भावगीतं रेकॉर्डवर घरोघरी होती, १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा लोक रेडिओला हार घालायचे. हिंदी-उर्दूत गझल होती, जगजीत-चित्राचा 'द अनफर्गेटेबल्स' १९७६ ला येऊन गेला होता. पण हे सगळं बसून ऐकायचं संगीत. कॉलेजच्या पोरापोरींनी नाचायचं, आणि तेही हिंदीत, आणि त्यामागे ना हिरो ना हिरॉईन, असं काही लाखांनी खपेल हे कोणी धरलेलंच नव्हतं. उषा उथुप यांच्यासारखे लोक क्लबात, हॉटेलात गात होते, त्यांच्या रेकॉर्डही निघत होत्या, पण तो शहरातला ठराविक वर्ग.

यात आला बिड्डू, संगीतकार आणि निर्माता. बंगलोरचा, मूळ कोडगूचा (कूर्ग). तिथे ट्रोजन्स नावाच्या बँडमध्ये वाजवायचा, मग साठच्या दशकात हिप्पी लोकांच्या उलट्या दिशेने रस्त्याने लंडनला पोचला, पडेल ती कामं केली, आणि १९७४ ला कार्ल डग्लसकडून 'कुंग फू फायटिंग' गाऊन घेतलं. हे गाणं खरं तर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायला म्हणून केलेलं होतं. ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे नंबर १ झालं! पाठोपाठ १९७६ ला टीना चार्ल्सचं 'आय लव्ह टू लव्ह' ब्रिटनमध्ये नंबर १. म्हणजे डिस्को जिथे बनत होतं तिथल्या कारागिरांपैकी एक आपला माणूस होता, आणि हिंदी सिनेमाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

तो संबंध जोडला फिरोज खानने. त्याच्या 'कुर्बानी' या पिक्चरचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण एक गाणं त्याला लंडनच्या साऊंडमध्ये पाहिजे होतं. लंडनमध्येच एका पार्टीत नाझिया त्याला भेटली आणि त्याने तिला बिड्डूकडे ऑडिशनला पाठवलं. लहानपणी कराचीत पीटीव्हीवर (पाकिस्तानचा सरकारी टीव्ही) सोहेल राणांच्या मुलांच्या कार्यक्रमात गायलेली ही शाळकरी पोरगी, थोडा नाकातला आवाज, तालीमबिलीम नाही. 'आप जैसा कोई' तिने गायलं, पडद्यावर झीनत अमान, १९८० चं वर्ष, पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. त्या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं, वय १५. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, लताबाई आणि आशाताई दोघींनीही त्याच्या आधीच आपलं नाव स्पर्धेतून काढून घेतलं होतं त्यामुळे जागा मोकळी होती हे खरं, पण म्हणून तिचं यश कमी होत नाही, कारण इतक्या कच्च्या, इतक्या साध्या आवाजाला तोपर्यंत त्या रांगेत कोणी उभंच केलं नसतं.

आणि मग बिड्डूने जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुसरा पिक्चर शोधण्याऐवजी त्याने अख्खा अल्बमच करायचं ठरवलं. नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब, चाली बिड्डू आणि झोहेबच्या, गाणी उर्दू-हिंदीत, रेकॉर्डिंग लंडनला. मुंबईत तेव्हा ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा मेहबूबला ५०-६० वादक आणि गायक एकत्र, एका टेकमध्ये, कोणी चुकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिकडे मल्टिट्रॅकवर, म्हणजे प्रत्येक आवाज टेपवर वेगवेगळा भरून, आधी ड्रम आणि बेस, मग सिंथ, मग कोरस, आवाज सगळ्यात शेवटी, आणि आवाजावर आवाज चढवायची सोय. हेडफोन लावून 'डिस्को दीवाने' ऐका, सुरुवातीचे नुसते आवाजाचे थर ऐका, बेस कसा वेगळा, स्वच्छ उभा राहतो बघा. त्या वर्षीची हिंदी सिनेमातली कुठलीही रेकॉर्ड त्याच्या शेजारी लावली की फरक लगेच कळतो. वाद्यांचा प्रश्नच नव्हता, वादक आपल्याकडे एक से एक होते, गोव्याचे तर अर्धा ऑर्केस्ट्रा असायचे, फरक होता तो रेकॉर्डिंगच्या पद्धतीत.

भारतात एचएमव्हीने आणि पाकिस्तानात ईएमआयने अल्बम काढला आणि तो सुटलाच. रिलीजच्या दिवशी एकट्या मुंबईत लाखभर रेकॉर्ड गेल्या हा आकडा तेव्हापासून छापला जातोय, आणि काही आठवड्यांतच प्लॅटिनम जाहीर झालं. पिक्चर नाही, हिरो नाही, विविध भारतीच्या फिल्मी कार्यक्रमांत जागा नाही, बिनाका गीतमालेत जागा नाही, टीव्ही अजून ब्लॅक अँड व्हाईट (दूरदर्शन रंगीत झालं १९८२ ला), आणि तरी हा खप. दक्षिण आशियात तोपर्यंत कुठल्या पॉप रेकॉर्डला असं मार्केट मिळालं नव्हतं. पार ब्राझीलमध्येसुद्धा तो गाजला, इंग्लिश व्हर्जनही निघालं, 'ड्रीमर दीवाने'.

मग चाललं कशावर? एक तर 'कुर्बानी'ची हवा होतीच. पण दुसरं कारण जास्त मोठं, ते म्हणजे कॅसेट. रेकॉर्डप्लेअर होता पैसेवाल्यांकडे, पण आखातात गेलेली माणसं सुट्टीवर येताना टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र) घेऊन यायला लागली होती आणि रत्नागिरी, गोवा, केरळ इथे ते यंत्र मोठ्या शहरांच्या बरोबरीनेच पोचलं. आमच्या शेजारचे काका कुवेतला होते. त्यांनी आणलेल्या टू-इन-वनवर मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला, तोही ओरिजिनल नाहीच, कोणाकडून तरी कोऱ्या कॅसेटवर भरून आणलेला. लेबलवर काकूंनी बॉलपेनने 'नाझिया, पुसू नये' असं लिहिलेलं. पहिल्या बाजूला आधी दुसरीच कुठली तरी गाणी होती त्यामुळे टेप पुरली नव्हती, आणि 'आओ ना' मध्येच खट्‌ करून बंद व्हायचं. कितीतरी वर्षं मला ते गाणं तिथेच संपतं असं वाटायचं. शेवट ऐकला तो थेट इंटरनेट आल्यावर. सांगायचा मुद्दा हा की कागदावर जेवढा खप मोजला गेला त्याच्या कितीतरी पट हा अल्बम ऐकला गेला, आणि त्या कॉप्यांचा एक रुपयाही ना कंपनीला गेला ना त्या भावंडांना. पुढे स्वस्त कॅसेटवर टी-सिरीजने जे साम्राज्य उभं केलं त्याला लागणारा श्रोता तोवर असा तयार झालेला होता.

पाकिस्तानात मात्र वेगळंच चालू होतं. १९७७ पासून झिया-उल-हक यांची राजवट, टीव्हीवर बायकांनी काय घालायचं यावर नियम, आणि त्याच काळात एक मुलगी डिस्को गाऊन घराघरात पोचली. तिच्या गाण्यांवर पीटीव्हीवर बंधनं आली. झियांच्या मृत्यूनंतर, १९८९ मध्ये, त्याच पीटीव्हीवर नाझिया आणि झोहेबने 'म्युझिक ८९' सादर केला आणि तिथल्या नव्या बँडच्या पिढीला स्टेज मिळालं.

इकडे आपल्या इंडस्ट्रीने या यशातून काय घेतलं? डिस्को घेतलं, अल्बम नाही घेतला. १९८२ च्या शेवटी 'डिस्को डान्सर' आला, बप्पी लाहिरींनी सगळा साऊंड सिनेमात ओढून घेतला आणि मामला परत पिक्चर-मग-गाणं यावर आला. खुद्द बिड्डू-नाझियाचा पुढचा अल्बम 'बूम बूम' हा कुमार गौरवच्या 'स्टार' पिक्चरला जोडला गेला, गाणी चालली, पिक्चर पडला. आणि नुसता डिस्को होता म्हणून खपला असंही नाही हं. त्याच सुमारास कॅनडात कॅल्गरीला गायिका रूपा बिस्वास यांनी सरोदवादक आशीष खान यांच्यासोबत 'डिस्को जॅझ' केला, अप्रतिम अल्बम, पण १९८२ ला आला आणि कोणाला पत्ताही लागला नाही, पुढे ३५ एक वर्षांनी तो परदेशातल्या लोकांनी शोधून काढला. त्यांच्यामागे ना 'कुर्बानी' होता ना एचएमव्हीसारखं दुकानोदुकानी पोचलेलं जाळं.

नाझिया-झोहेबने १९८४ ला 'यंग तरंग' काढला तो म्युझिक व्हिडिओंसकट, हे पण काळाच्या पुढचंच, कारण ते दाखवायला आपल्याकडे चॅनलच नव्हतं. ते आलं नव्वदीत, केबलवर, चॅनल व्ही १९९४ ला. तेव्हा बिड्डूकडे एक चाल तयार होती आणि ती त्याने नाझियाला डोळ्यासमोर ठेवून केलेली. तिने नकार दिला. भारताचं कौतुक करणारं गाणं आपण गायलं तर पाकिस्तानातली माणसं दुखावतील असं तिला वाटलं. ते गाणं 'मेड इन इंडिया'. मग ते अलिशाकडे गेलं, मॅग्नासाऊंडने काढलं, केन घोषने व्हिडिओ केला, आमचा शिवाजी पार्कचा मिलिंद सोमण रातोरात देशभर पोचला, आणि १९८१ ला जे एकदाच घडून राहिलं होतं त्याचा आता रीतसर धंदा झाला, दलेर मेहंदी, लकी अली, कलोनियल कझिन्स, रांगच लागली.

नाझियाने तोवर गाणं जवळपास सोडलं होतं. कायद्याचं शिक्षण घेतलं, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत काम केलं. १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली, वय फक्त ३५. १२ वर्षांनी 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये विशाल-शेखरने 'डिस्को दीवाने' नव्याने केलं. सुनिधी आणि बेनी दयाल गातात, पण मधला तो आवाज तिचाच आहे, १६ वर्षांच्या मुलीचा, जसा १९८१ ला लंडनच्या टेपवर भरला होता तसाच.