पार्श्वभूमी : वस्तऱ्याआधीचे पाणी

भर बैठकीत एखाद्याची खरडपट्टी निघाली की आपण म्हणतो, साहेबांनी त्याची बिनपाण्याने केली. उघडा वस्तरा ज्यांच्या गालाला कधी लागलेला नाही, अशी माणसेही हे सहज बोलून जातात आणि ऐकणाऱ्यालाही ते नेमके कळते. दाढी भिजवण्याचा इतिहास शोधू लागलो तर मराठीत त्याची सगळ्यात ठळक खूण या वाक्प्रचारातच सापडते. बाकीच्या शब्दांनी पाण्याची दखलच घेतलेली नाही.

‘हजामत’ हा शब्द घ्या. त्याचे मूळ अरबी ‘हिजामा’, म्हणजे तुंबड्या लावून रक्त काढणे. हज्जाम म्हणजे तुंबड्या लावणारा. धारेचे पाते ज्याच्या हाती, तोच रक्त काढी आणि तोच डोकी-दाढ्या करी. त्यामुळे फारसी-हिंदुस्तानीतून येता येता शब्द रक्तावरून केसांवर सरकला. मराठीत तो पुढे फजितीवरही गेला, आणि ‘हजाम’ हे तर हिणवण्याचे संबोधन झाले. या व्यवसायातला समाज स्वतःला नाभिक म्हणवतो, आणि तेच म्हणायला हवे. ‘श्मश्रू’ची गंमत वेगळी. संस्कृतात श्मश्रू म्हणजे खुद्द दाढीमिशा. ती काढण्याच्या क्रियेला मराठीने तेच नाव दिले, म्हणजे ‘दाढी केली’ म्हणताना आपण जे करतो तेच. ‘क्षौर’ आला ‘क्षुर’वरून, क्षुर म्हणजे वस्तरा. ‘दाढी’ धरून या चार शब्दांपैकी एक रक्ताचा, दोन केसांचे आणि एक हत्याराचा. कामातला निम्मा वेळ ज्यात जातो त्या भिजवण्याला स्वतंत्र नाव मिळालेच नाही.

म्हणून ‘बिनपाण्याने’ महत्त्वाचे. त्याचा अर्थ बहुतेक जण वेदनेशी जोडतात : कोरड्या गालावर वस्तरा ओढला की आग होते. ते खरेच आहे. मला मात्र त्यातला अपमान जास्त मोठा वाटतो. पाणी लावण्याइतकाही वेळ या माणसावर घालवावासा वाटला नाही, असे ते सांगणे आहे. नाभिकाच्या हातून होणाऱ्या कामात आदराचा भाग भिजवण्याचा होता. गालावर ओली बोटे फिरत असेपर्यंत समोरचा माणूस माणूस म्हणून वागवला जात होता. वस्तरा फिरू लागला की लक्ष केसांवर.

पाणी आणि वस्तरा ही जोडी फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात क्षौराचा एक मंत्र आहे. त्यात सविता, म्हणजे सूर्यदेव, वस्तरा घेऊन आला आहे आणि वायूला ऊन पाणी घेऊन येण्याची विनवणी आहे. पुढच्याच ऋचेत जलांनी दाढी ओली करावी असे मागणे आहे. आश्वलायन गृह्यसूत्रातल्या चौलविधीत, म्हणजे जावळ काढताना, हाच मंत्र म्हणत गार आणि ऊन पाणी एकत्र करायचे असते. त्यातले थोडे पाणी, आणि लोणी किंवा दह्याचे थेंब घेऊन मुलाचे डोके तीनदा भिजवायचे. पाण्याने केस मऊ होतो आणि स्निग्ध पदार्थाने पाते घसरते, ही दोन्ही कामे तिथेच वेगळी ओळखलेली दिसतात.

मधल्या शतकांत बलुत्याच्या गावगाड्यात धोकटी (हत्यारांची पिशवी), वाटी आणि पाणी एवढ्यावर भागत होते. दाढीचा केस कोरडा असताना तारेसारखा ताठ असतो. पाणी आत शिरले की तो फुगतो, मऊ पडतो आणि कमी जोरात कापला जातो. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि पाणी ऊन असेल तर काम लवकर होते. आमच्या आजोबांकडे येणारे गृहस्थ वाटीत बोटे बुडवून हनुवटीखाली, ओठाच्या कडेला, कल्ल्यापाशी इतका वेळ चोळत बसत की लहानपणी मला ते काम कधी सुरूच होणार नाही असे वाटे. चोळता चोळता बोटांच्या टोकांना केस कुठे उभा आहे, कुठे आडवा, कुठे भोवरा आहे हे कळते. सुलटा हात कुठून सुरू करायचा आणि उलटा हात कुठे मारायचाच नाही, हे तेव्हाच ठरलेले असे.

साबण या कामात आला तो पाणी टिकवायला. नुसते पाणी गालावरून वाळते, तर फेसाखाली ते अडकून राहते. त्यातही फरक आहे. पोटॅशचा साबण मऊ राहतो आणि बारीक, दाट, टिकाऊ फेस देतो. खोबरेल जास्त असलेला साबण भसाभस फेसाळतो, पण तो फेस लवकर बसतो. दख्खनच्या विहिरी-बोअरच्या जड पाण्यात दोन्हींची अडचण होते. पाण्यातले चुन्याचे क्षार साबणाला धरून बसतात आणि फेसाऐवजी वाटीत पांढुरका साका उरतो. पाणी उकळून घेतले की जडपणा थोडा उतरतो, म्हणून शेगडीवरच्या तपेलीचा उपयोग उबेपलीकडेही होता.

साबणावर एक आक्षेपही होता, चरबीचा. प्राण्यांची चरबी तोंडाला लावायची की नाही, हा अनेक घरांत खरा प्रश्न होता. 1920 च्या आसपास मुंबईत वनस्पतीतेलांपासून केलेला स्वदेशी साबण बाजारात आल्यावर त्या आक्षेपाची धार कमी झाली.

ब्रशातून रोग पसरण्याची भीतीही आजची नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांतून ब्रिटन-अमेरिकेत दाढी करणाऱ्यांना अँथ्रॅक्स (जनावरांकडून येणारा एक जिवाणूजन्य रोग) झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. तरी आपल्याकडच्या दुकानांत एक वाटी आणि एक ब्रश दिवसभर सगळ्या गालांवरून फिरत राहिला, तो कितीतरी दशके.

खरा बदल आला पात्यामुळे. भारतात एचआयव्हीचे पहिले निदान 1986 मध्ये झाले. पुढच्या काही वर्षांत गिऱ्हाईक खुर्चीत बसतानाच ‘नवीन ब्लेड लावा’ म्हणू लागले. पोलादी वस्तऱ्याच्या जागी त्याच आकाराची मूठ आली, तिच्यात कागदासकट मोडलेले अर्धे ब्लेड. रक्तातून पसरणारे आजार पाहता हा निर्णय बरोबरच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याबरोबर जे गेले त्याची नोंद झाली नाही. पूर्वी साबण लावून झाला की कारागीर वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर पाजळायला घेई, पाठ-पोट, पाठ-पोट. गिऱ्हाइकाला ती धारेची तयारी वाटे. त्याच वेळात फेसाखाली दाढी भिजत असे. ब्लेड बसवायला दहा सेकंद लागतात, त्यामुळे पट्टा गेला आणि त्याबरोबर ती थांबण्याची वेळही गेली. फवाऱ्याच्या बाटलीतून गार पाणी, ट्यूबमधली क्रीम, चार वेटोळी आणि लगेच पाते. मग मानेवर पुरळ आले की दोष ब्लेडला देतात. माझ्या मते दहापैकी आठ वेळा ती दाढी कोरडी राहिलेली असते.

उघड्या पात्याला फेसही वेगळा लागतो. डब्यातून फुसकन निघणारा फोम दिसायला भरघोस, पण त्यात हवा जास्त आणि पाणी कमी. ब्रशाने घोटलेला फेस फेटलेल्या दह्यासारखा हवा : चमक असलेला, ब्रश उचलल्यावर टोक किंचित वाकणारा. टोक ताठ उभे राहिले तर आणखी चार थेंब पाणी घालायचे.

2020 च्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्रात 28 जूनपासून केशकर्तनालये उघडली, तेव्हा केस कापायला मुभा होती. त्वचेशी संबंधित सेवांना मनाई असल्याने दाढी बंदच राहिली. नंतर ती सुरू झाली, पण बऱ्याच दुकानांत सामायिक ब्रश आणि वाटी परत बाहेर आली नाहीत, बोटांनी क्रीम लावणे रूढ झाले. शहरांतल्या मोठ्या सलूनमध्ये आता वाफेचा टॉवेल दोन-तीन मिनिटे तोंडावर ठेवतात. दरपत्रकात त्याची वेगळी ओळ असते आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.