एक संत्रे की दोन संत्रे?

'टमूक' हा शब्द कुठल्याही कोशात सापडणार नाही, आत्ताच बनवलाय. तरी त्याचं अनेकवचन करून बघा. 'ही टमूक' असेल तर दोन टमुका, किंवा कुणाच्या तोंडी टमुकी. 'हे टमूक' असेल तर दोन टमुकं. 'हा टमूक' असेल तर दोन काय नि दहा काय, टमूकच. मधला दीर्घ ऊ गरज पडली तिथे आपोआप ऱ्हस्व झाला, तेही कुणी न सांगता.

अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच जातीचा. चार ते सात वर्षांच्या मुलांना पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र दाखवून सांगायचं, हा 'वग'. मग दोन दाखवून विचारायचं, आता हे दोन कोण? बहुतेक मुलं 'वग्ज' म्हणाली. हा शब्द त्यांनी कधीच ऐकलेला नव्हता, त्यामुळे पाठांतराचा प्रश्नच नव्हता. नियम डोक्यात तयार होता. गंमत म्हणजे 'ग्लासेस' अचूक म्हणणाऱ्या कित्येकांना तसाच शेवट असलेल्या बनावट शब्दाचं अनेकवचन जमलं नाही. नियमाचा तेवढा कोपरा अजून पक्का व्हायचा होता.

मराठी मुलाचं काम याहून अवघड. इंग्रजीत शब्दाचा शेवट ऐकला की बहुधा भागतं, मराठीत आधी लिंग माहीत हवं. 'घोडा' आणि 'शाळा' दोन्ही आकारान्त, पण तो घोडा म्हणून घोडे, ती शाळा म्हणून शाळाच. दुसरीतलं मूल 'दोन शाळे' म्हणालं तर त्याने नियम बरोबर लावलाय, फक्त लिंग हुकलंय. लिंग कळूनही सुटका नसते: चिंच-चिंचा, पण भिंत-भिंती. कुठल्या शब्दाला आ आणि कुठल्याला ई, हे ऐकून ऐकूनच बसतं.

नागपुरात यात आणखी भर पडते. पुस्तकातलं फळ नपुंसकलिंगी: एक संत्रे, अनेक संत्री. इथे घरात आणि बाजारात तो संत्रा, दोन संत्रे. हिंदीही सतत कानावर असते, तिथे 'संतरा' पुल्लिंगी आणि नपुंसकलिंग मुळात नाहीच. म्हणजे 'संत्रे' हे रूप घरी अनेकवचन आणि वर्गात एकवचन! अशा मुलाच्या वहीत लाल फुली मारण्याआधी बाईंनी त्याला 'तुमच्या घरी तो संत्रा म्हणता की ते संत्रे?' एवढं विचारावं. त्याचं व्याकरण आतून बहुतेक सुसंगतच निघेल.

म्हणून 'वचन बदला' खाली सुट्या शब्दांची रांग देणं मला फारसं पटत नाही. त्यात नेमका लागणारा धागाच कापलेला असतो. नवा शब्द शिकवताना तो एकटा देऊ नये. 'पिकलेली चिंच', 'ओली भिंत', 'मोठं घर' असा द्यावा, म्हणजे विशेषणाबरोबर लिंगही कानात शिरतं. मग 'ओल्या भिंती' फार दूर राहत नाही. इंग्रजीतून आलेले शब्दही याच वाटेने गेलेत: ती पेन्सिल-पेन्सिली, ते टेबल-टेबलं, तो मोबाईल तसाच.

चुकांची धास्तीही थोडी कमी करायला हरकत नाही. गॅरी मार्कस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या ८३ मुलांच्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या. अनियमित क्रियापदांना भूतकाळाचा नेहमीचा नियम लावण्याचं प्रमाण सर्वसाधारण मुलात अडीच टक्क्यांच्या आसपास निघालं. आपल्या कानाला त्या चुका खटकतात, म्हणून त्या जास्त वाटतात.