क्युरी वाढवले म्हणून जाडी भेदली जात नाही: इरिडियम की कोबाल्ट?

‘सोर्स जुना झालाय, आता ८० एमएमच्या आरपार जाणार नाही. नवा मागवा, नाहीतर कोबाल्ट आणा.’ जाड प्लेटच्या वेसलचं (दाबाच्या टाकीचं) आरटी, म्हणजे इरिडियम किंवा कोबाल्टच्या किरणोत्सारी सोर्सनं वेल्डची फिल्म काढून होणारी तपासणी, निघालं की शॉपमध्ये हे कोणीतरी बोलतंच. स्पेसिफिकेशनमध्येसुद्धा ‘अमुक क्युरीच्या खालचा सोर्स चालणार नाही’ अशी ओळ डोळे मिटून टाकलेली असते. दोन्हीकडे गल्लत एकच आहे: सोर्सची ताकद (क्युरीत) आणि किरणांची ऊर्जा (एमईव्हीत) या दोन वेगळ्या गोष्टी एक समजल्या जातात.

इरिडियम-१९२ रोज वापरणाऱ्याला त्याची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. अर्धायुष्य ७४ दिवस, किरणं साधारण ०.३ ते ०.६ एमईव्हीची, कॅमेरा, म्हणजे सोर्स ठेवायची कवचाची पेटी, हातात उचलून नेण्याइतका. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, किरणं १.१७ आणि १.३३ एमईव्हीची, कॅमेरा चाकांवर ढकलत न्यायचा. अर्धायुष्यातला फरक खरेदी विभागाला महत्त्वाचा. फिल्मवर काय दिसणार हे त्यावरून ठरत नाही.

फिल्मवर काय दिसणार हे ऊर्जेवरून ठरतं. क्युरी एवढंच सांगतात की सेकंदाला किती अणू फुटतात, म्हणजे किती किरणं निघतात. त्यातलं प्रत्येक किरण किती जोराचं आहे, हे त्या समस्थानिकानं कायमचं ठरवून टाकलेलं असतं. दगड मारणारी पोरं दुप्पट केली म्हणून एकाही पोराचा दगड वरच्या फांदीपर्यंत पोचत नाही. ४० क्युरीचा इरिडियम अडीच महिन्यांनी २० क्युरीचा होतो, पण त्याच्या किरणांची ऊर्जा पहिल्या दिवशी होती तीच राहते. एक्स्पोजरचा वेळ दुप्पट करायचा, बस. तीच डेन्सिटी (फिल्मचा काळेपणा) येते, पेनिट्रामीटरची, म्हणजे बारीक तपशील दिसतोय का हे बघायला ठेवलेल्या तारांच्या पट्टीची, तीच तार दिसते.

आता हिशोब मांडू. इरिडियमची किरणं निम्मी करायला सुमारे १२.५ एमएम पोलाद लागतं, कोबाल्टची निम्मी करायला सुमारे २१ एमएम. आकडे ढोबळ आहेत, विखुरलेली किरणं त्यात धरलेली नाहीत. १०० एमएमच्या प्लेटमध्ये इरिडियम आठ वेळा निम्मा होतो, म्हणजे २५६ पैकी एकच भाग पलीकडे पोचतो. कोबाल्टचा २७ पैकी एक पोचतो. १५० एमएमला गेलात तर इरिडियमचा ४,०९६ पैकी एक आणि कोबाल्टचा साधारण १४० पैकी एक. याच आकड्यांतून निघणारी खरी गोष्ट अशी, की इरिडियमचे क्युरी दुप्पट केले तर त्याच वेळात फक्त १२.५ एमएम जास्त पोलाद पार होतं. अर्धा इंच! १०० वरून १५० एमएमवर त्याच वेळात जायचं तर सोळापट क्युरी हवेत. जाडीपुढे क्युरीचा जोर इतकाच चालतो. म्हणून ‘फ्रेश सोर्सच हवा’ हा हट्ट वेळापत्रकासाठी असेल तर समजू शकतो, गुणवत्तेसाठी असेल तर त्याला काही आधार नाही.

मग सरसकट कोबाल्टच का वापरू नये? वेळ तर कुठल्याही जाडीला वाचतो. हा मोह मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्याची किंमत फिल्मवर चुकवावी लागते. समजा वेल्डमध्ये १ एमएम खोलीची पोकळी आहे. तिच्यामुळे इरिडियमच्या किरणांत सुमारे ५.५ टक्के फरक पडतो, कोबाल्टच्या किरणांत ३.३ टक्केच. ४० एमएमच्या सीमवर (वेल्डच्या जोडावर) कोबाल्टनं मारलेली फिल्म छान काळी होते, डेन्सिटोमीटरवर २.५ दाखवते, आणि तरी व्ह्यूअरवर धरली की सपाट वाटते. बारीक तार हरवलेली असते, प्लेटच्या कडेचं लॅक ऑफ फ्यूजन (वेल्ड प्लेटशी एकजीव न झाल्याचा दोष) करड्या रंगात विरून गेलेलं असतं. डेन्सिटी आली म्हणजे शॉट जमला, असं समजणाऱ्यांनी तार आधी शोधावी आणि डेन्सिटी नंतर मोजावी.

वेल्डच्या रेडिओग्राफीचं मानक आयएसओ १७६३६-१, त्यात पोलादासाठी हद्दी दिल्या आहेत. साध्या म्हणजे ए वर्गात इरिडियम २० ते १०० एमएम, कोबाल्ट ४० ते २००. काटेकोर बी वर्गात इरिडियम २० ते ९०, कोबाल्ट ६० ते १५०. माझं मत विचाराल तर दोघांच्या हद्दी जिथे एकमेकींवर येतात तिथे इरिडियमच घ्यावा, ९० पर्यंत बिनधास्त. वेसलच्या शेलच्या मधोमध सोर्स ठेवून अख्खा सर्कसीम (गोलाकार जोड) एका शॉटमध्ये घेता येत असेल तर एक्स्पोजर रात्रभर चाललं तरी काय बिघडलं? मात्र जाडी मोजताना किरण जेवढ्या धातूतून जातं तेवढी धरायची. ३० एमएम भिंतीच्या पाइपला दोन भिंतींतून शॉट मारला तर ती ६० झाली, वर वेल्डचा उंचवटा वेगळा.

सोर्सच्या आकाराचंही थोडं बघावं. जास्त क्युरीचा सोर्स बऱ्याचदा आकारानंही मोठा असतो, आणि मोठ्या सोर्समुळे दोषाची कडा फिल्मवर धूसर पडते. अंतर वाढवून ते सावरता येतं, पण अंतर दुप्पट केलं की वेळ चौपट.

१०० च्या पुढच्या फोर्जिंगला, जाड व्हॉल्व्ह बॉडीला कोबाल्ट लागतोच, आणि तिथे तो आणताना कुठलीही गोष्ट इरिडियमच्या सवयीनं करू नये. १ मीटरवर इरिडियम दर क्युरीला तासाला सुमारे अर्धा रॉन्टजेन (किरणांच्या मात्रेचं माप) देतो, कोबाल्ट १.३. म्हणजे २० क्युरीचा कोबाल्ट ४० क्युरीच्या इरिडियमपेक्षा जास्त डोस देतो. त्याहून मोठा धोका आडोशाचा. ५० एमएम शिसं इरिडियमला हजारात एक भागावर आणून ठेवतं. त्याच शिशातून कोबाल्टचा साधारण अठरा भागांत एक भाग बाहेर येतो. इरिडियमसाठी बांधलेल्या खोलीत, त्याच भिंतींच्या भरवशावर कोबाल्ट उघडणं म्हणजे शेजारच्या बेवर काम करणाऱ्या फिटरला न सांगता डोस देणं. भिंतीचा आणि कॉर्डनचा (लोकांना दूर ठेवायच्या घेऱ्याचा) हिशोब नव्यानं करून, एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) त्या सोर्ससाठीची परवानगी हातात आल्यावरच कोबाल्टचा कॅमेरा गेटच्या आत घ्यावा.