स्वरज्ञानाचे शिक्षण : तालमीपासून परीक्षेपर्यंत

शास्त्रीय संगीताच्या मध्यमा परीक्षेपर्यंत आलेल्या विद्यार्थ्यांना दहा थाट (रागांचे स्वरांनुसार केलेले गट), वादी-संवादी (रागातील मुख्य व दुय्यम स्वर) आणि आरोह-अवरोह (स्वरांचा चढता-उतरता क्रम) तोंडपाठ असतात. मात्र भूप आणि देशकार हे राग एकापाठोपाठ ऐकवले, तर त्यांतले अनेकजण गोंधळतात. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. भूप गंधारावर (ग) विसावतो, देशकार धैवताला (ध) धरून वरच्या अंगाने फिरतो, आणि हा फरक कानालाच कळावा लागतो. पाठांतर आणि कान यांच्यातील या अंतराला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवली, त्या काळी शास्त्र आणि कान अशी विभागणीच नव्हती. शिष्य तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसे आणि एकच जागा (छोटी स्वराकृती) गळ्यावर चढेपर्यंत घोटत राही. या तालमीत कान पक्का होई, पण ती गुरूची मर्जी लाभलेल्या मोजक्या शिष्यांनाच मिळे.

मिरजेला बुवांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि वर्ग, अभ्यासक्रम व स्वरलिपी यांच्या आधारे संगीत सामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत नेले. पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतील बंदिशी मिळवून क्रमिक पुस्तकांत छापल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. त्यांच्या स्वरलिपीत कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ असते. दरबारी कानड्याचा आंदोलित (हळुवार झुलणारा) कोमल गंधार आणि भैरवीचा कोमल गंधार या लिपीत सारखाच दिसतो. लिपीने बंदिशी वाचवल्या हे तिचे मोठे ऋण आहे, परंतु आंदोलन तिच्या रेघेत मावत नाही.

याच काळात बाजाची पेटी घरोघरी आणि वर्गावर्गांत आली. तिचा परिणाम मला लिपीपेक्षाही खोल वाटतो. जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीवरची जुळणी) नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या सा च्या) तारेतून, कान देऊन ऐकल्यास, न छेडलेला गंधार उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. षड्जाशी (सा) त्याच्या कंपनसंख्येचे प्रमाण 5:4 असते. समान अंतराने जुळवलेल्या पेटीचा शुद्ध गंधार त्यापेक्षा चढा असतो: एका अर्धस्वराचे 100 भाग केले, तर सुमारे 14 भागांनी. वर्षानुवर्षे केवळ पेटीवर सूर मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला तो चढा गंधारच खरा वाटू लागतो.

या प्रश्नाची जाण तेव्हाही होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची (सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांची) गणिती मांडणी केली आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्यासह बावीस श्रुतींची पेटी घडवण्याचा प्रयत्न केला, पण ती प्रचारात आली नाही. पुढे 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली.

दरम्यान 1931 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळामुळे प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या रूढ झाल्या आणि शास्त्राची लेखी व क्रियात्मक (प्रत्यक्ष गायन-वादनाची) परीक्षा वेगळ्या झाल्या. लेखी उत्तराची तयारी घरी बसून करता येते. स्वरसमूह ऐकून राग ओळखण्यासाठी मात्र आजही कोणीतरी समोर बसून गावे लागते, आणि आठवड्यातून दोन तासांच्या वर्गात सर्वांत आधी वेळ कापला जातो तो याच सरावाचा.