कागद आडवा, प्रश्न मधोमध
चार-सहा जणांच्या बैठकीत माइंड मॅप कसा काढावा

आमच्याकडून मोठे कागद आणि मार्कर नेणारे होमस्टेवाले, बागायतदार आणि बचत गट यांच्यासाठी हे पत्रक.

माइंड मॅप म्हणजे मधोमध एक विषय आणि त्याला चहूबाजूंनी फुटलेल्या फांद्या. ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली.

मधोमध नुसतं ‘पावसाळा’ लिहिलंत, तर गप्पा हायवेच्या खड्ड्यांवर जातात. ‘जून ते सप्टेंबर पाच खोल्या कशा भरायच्या?’ असं लिहा. मग फांद्या आपसूक सुचतात: येणार कोण, पोचणार कसे, खाणार काय, दिवसभर करणार काय, अडणार कुठे. मुख्य फांद्या पाच ते सात पुरे. फांदीवर एक-दोनच शब्द. अख्खं वाक्य लिहिलं की पुढे काही फुटत नाही. ‘खाणार काय’वर ‘रानभाज्या’ लिहा. त्यातून टाकळा, फोडशी. त्यातून ‘ओळखून आणणार कोण?’ आणि मग कुणाला तरी सुचतं, पाहुण्यांनाच सकाळी गावातल्या जाणत्या बाईबरोबर भाजी खुडायला पाठवू. हे झालं ‘दिवसभर करणार काय’चं उत्तर! दोन्ही फांद्या तुटक रेघेने जोडा. खरी कमाई त्या रेघेत असते. यादीत ती दिसत नाही.

पहिली दहा मिनिटं कुणीही बोलू नये. प्रत्येकाने ए-४ कागदावर आपापला माइंड मॅप काढावा. १९५८ मध्ये येल विद्यापीठात चौघाचौघांच्या गटांवर प्रयोग झाला. तितक्याच जणांनी एकेकट्याने काढलेल्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या गटाच्या कल्पनांपेक्षा जास्त भरल्या. एक बोलत असताना बाकीचे थांबतात आणि तेवढ्यात आपलं विसरतात. आपल्याकडे आणखी एक अडचण: काका आधी बोलले की सगळे त्यांचीच री ओढतात, आणि पाहुण्यांच्या तक्रारी रोज ऐकणारी खोल्या झाडणारी ताई गप्पच राहते.

नंतरची वीस-पंचवीस मिनिटं एकाने लिहायचं, बाकीच्यांनी पाळीपाळीने एकेक मुद्दा सांगायचा. लिहिणाऱ्याने शब्द बदलू नयेत. ‘हे आपल्याकडे चालत नाही’ या वाक्याला तेवढा वेळ बंदी.

कागद ए-१ आकाराचा (५९४ × ८४१ मिमी), आठांहून जास्त माणसं असतील तर ए-० घ्या. तो आडवाच लावा, फांद्यांना दोन्ही बाजूंना पसरायला जागा मिळते. टेबलावर पसरू नका; निम्म्या लोकांना उलटं वाचावं लागतं. प्लायवुडच्या तुकड्याला चिमट्यांनी अडकवून भिंतीला टेकवलात की झालं. चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर किंवा पावसाळ्यात ओल धरलेल्या डिस्टेंपरवर चिकट चिठ्ठ्या टिकत नाहीत. चिठ्ठी गठ्ठ्यातून खालून वर ओढलीत तर ती वळते आणि गळते, म्हणून बाजूने सोलून काढा. दमट हवेत पातळ कागदावर शाई फुटते, तेव्हा १०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) खाली जाऊ नका. उरलेले कागद गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

निवड करताना प्रत्येकाला तीन टिकल्या द्या, कपाळावर लावायच्याच. कटलरीच्या दुकानात पाकीट मिळतं, आणि आम्ही विकतो त्या रंगीत ठिपक्यांपेक्षा स्वस्त पडतं. ज्या तीन मुद्द्यांवर जास्त टिकल्या, त्यांच्यापुढे तिथेच नाव आणि तारीख लिहा. नाव नसलेला मुद्दा कागदाबरोबरच माळ्यावर जातो.

फ्रीप्लेन किंवा एक्समाइंड कॉम्प्युटरवर फुकट वापरता येतं, पण ते नंतर स्वच्छ प्रत काढायला. बैठकीत एक जण टाइप करतो आणि बाकीचे नुसते बघत बसतात, शिवाय वीज गेली की सगळंच थांबतं. पेट्या भरण्याचा क्रम किंवा महिन्याचा हिशेब असेल, तर माइंड मॅपच्या नादी लागू नका. त्याला आमची वीस रुपयांची वही पुरते.