आईची तक्रार आणि चौदा वर्षांचा मेंदू

अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी 32 किशोरवयीन मुलामुलींना एमआरआय यंत्रात झोपवून प्रत्येकाला स्वतःच्याच आईचा आवाज ऐकवला. अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत, आणि तीत तक्रार: क्षुल्लक गोष्टीवरून चिडतोस, बूट जागेवर ठेव म्हटलं तरी राग येतो. आपल्याकडच्या घराघरांतलीच ही वाक्यं!

तक्रार ऐकताना मेंदूतल्या भावनांशी संबंधित भागांतली हालचाल वाढली. भावनांना लगाम घालणाऱ्या भागांतली मात्र कमी झाली, आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायला मदत करणाऱ्या भागांतलीही. मुलांची संख्या लहान होती, तरी मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. ‘एवढं जीव तोडून सांगते, तरी याला माझी काळजी कळत नाही,’ असं आई म्हणते, तेव्हा ती काळजी समजून घेणारी यंत्रणाच मंदावलेली असू शकते. त्यात लगाम घालणारा कपाळामागचा भाग पूर्ण पक्व व्हायला पंचविशी उजाडते.

म्हणून आधी शांत व्हायचं ते मोठ्यांनी. पण ‘शांत हो’ असं स्वतःला बजावून रक्तात उतरलेलं अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे ताणात शरीराला उत्तेजित करणारं संप्रेरक, ओसरत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी भांडणाऱ्या जोडप्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ते मिनिटाला 100च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, आणि शरीर निवायला निदान 20 मिनिटं द्यावी लागतात, असं ते सांगतात. अभ्यास नवरा-बायकोंचा असला, तरी चिडलेल्या बापाचं शरीर काही वेगळं नसतं.

तेवढ्या वेळात श्वास कामी येतो. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना व्हेगस नावाचा मज्जातंतू ते मंदावतो. म्हणून श्वास सोडायला जास्त वेळ घ्यायचा, दोन-तीन मिनिटं. रागाला शब्दांत मांडण्याचाही उपयोग होतो. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-रागासारख्या भावनांना चटकन प्रतिसाद देणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया सौम्य होते, हे लॉस एंजेलिसचे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने 2007 मध्ये दाखवलं.

दार आपटून मुलगा खोलीत गेला, तर मागोमाग जाऊ नका. ‘मी आत्ता चिडलेय. अर्ध्या तासाने बोलू,’ एवढंच सांगा. वेळ सांगणं गरजेचं आहे, आणि त्या वेळेला त्याच्याकडे जाणं त्याहून गरजेचं. नाहीतर मुलाच्या लेखी तो अबोलाच असतो.